रहस्यकादंबरीचे परीक्षण लिहिताना किती सांगावे आणि काय तपासावे?

वाचनवेडी (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी नव्याने आलेल्या एका मराठी रहस्यकादंबरीचे परीक्षण लिहिले. ते लिहिताना माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळे हा धागा काढते आहे. कादंबरीचे नाव देत नाही, आणि ती ओळखू येऊ नये म्हणून पात्राचा व्यवसाय व एकदोन तपशील बदलून लिहिते आहे, कारण पुढे तिच्या शेवटाविषयी बोलावे लागणार आहे.

परीक्षणात मी खुन्याचे नाव लिहिले नव्हते, खुनाचे कारणही लिहिले नव्हते. मात्र 'ज्याच्याबद्दल शेवटपर्यंत कणव वाटत राहते, तोच आपल्याला हादरवून सोडतो' असे एक वाक्य मी मोठ्या हौसेने लिहून गेले. माझ्या वहिनीने ते वाचून पुस्तक विकत घेतले आणि ४० व्या पानावर असताना मला फोन करून विचारले, "तो पायाने अधू असलेला ग्रंथपालच ना गं?" तोच होता. ३५० पानांच्या कादंबरीतली उरलेली ३१० पाने मी तिच्याकडून एका वाक्यात काढून घेतली, याचे मला फार वाईट वाटले. ते वाक्य मी आता काढून टाकले आहे, पण वहिनीला ती पाने परत मिळणार नाहीत.

त्यानंतर मी इतरांची परीक्षणे वाचून पाहिली, तर तिथे नेमका उलटा दोष दिसला. 'एका बैठकीत वाचून संपवली', 'शेवटपर्यंत खिळवून ठेवते', 'शेवट अनपेक्षित' ही वाक्ये कुठल्याही पुस्तकाखाली खपतात आणि त्यांवरून हे पुस्तक घ्यावे की नाही हे मुळीच कळत नाही.

रहस्यकादंबरी परीक्षकाने दोनदा वाचायला हवी, असे माझे मत आहे. पहिल्यांदा सगळ्यांसारखी, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात तो ग्रंथपाल सर्वांत वरच्या फळीवरची नोंदवही काढून देतो आणि धुळीने त्याला शिंका येतात. पहिल्या वाचनात मला फक्त शिंका दिसल्या. दुसऱ्या वेळी लक्षात आले की त्या फळीला हात पुरावा म्हणून हा अधू माणूस स्टुलावर चढला होता, आणि लेखिकेने ते अर्ध्या वाक्यात सांगूनही टाकले होते. लेखिकेने आपल्याशी सचोटीचा व्यवहार केला, ही त्या कादंबरीची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे. पण ती परीक्षणात सांगायला गेले तर रहस्य फुटते आणि न सांगितली तर पुस्तकावर अन्याय होतो. तुम्ही अशा वेळी काय करता?

जुनापुराणा (महाल)

वाचनवेडीताई, विषय काढलात याचा आनंद झाला. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी प्रत्येकी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांनी पुढे एक अख्खी पिढी वाचायला लावली, पण वाङ्मयीन मासिकांनी या लेखनाची दखल क्वचितच घेतली. त्यामुळे या प्रकाराचे परीक्षण कसे करावे याचा पाठ आपल्याकडे घालूनच दिला गेला नाही. आम्ही जे शिकलो ते भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत शिकलो.

१९७० च्या दशकात महालात आमच्या घराजवळ असेच एक दुकान होते. मालक पुस्तक देताना कथेबद्दल एक अक्षर बोलत नसत. पुस्तक परत करायला गेलो की मात्र विचारत, "कोणत्या पानावर ओळखलंत?" आपण खरे सांगायचे, आणि ते मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तो आकडा लिहायचे. न ओळखणाऱ्याचे शून्य. पाचपंचवीस वाचकांचे आकडे जमले की तेच त्या पुस्तकाचे परीक्षण व्हायचे. सगळे आकडे पहिल्या पन्नासातले असतील तर पुस्तक कच्चे. सगळी शून्येच असतील तर मालकांना संशय यायचा, की लेखकाने दुवाच दिलेला दिसत नाही. आकडे पुस्तकाच्या मध्यापासून शेवटापर्यंत पसरलेले असले की ते पुस्तक ते काउंटरवर समोर ठेवायचे.

सावनेरकर

काका, शून्यांचा हा अर्थ माझ्या कधीच ध्यानात आला नव्हता. 'कोणालाही ओळखता येणार नाही' ही मी आजवर स्तुती समजत होतो.

रात्रपाळी

मी थोडा वेगळा सूर लावते. मी परिचारिका आहे आणि रात्रपाळीत वॉर्ड शांत झाला की वाचते. कुठल्याही क्षणी पुस्तक बंद करून उठावे लागते, म्हणून मी पुष्कळदा शेवटचे प्रकरण आधी वाचून घेते आणि मग निवांतपणे सुरुवात करते. माझा आनंद त्यामुळे कमी झाल्याचे मला कधी जाणवले नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोगही केला होता. काही वाचकांना कथेचा शेवट आधी सांगितला, काहींना सांगितला नाही, आणि शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरीने अधिक आवडल्या. त्यांत रहस्यकथाही होत्या. शिवाय ब्रिटिश लेखक ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या आपल्या कथासंग्रहात गुन्हा आणि गुन्हेगार आधीच दाखवून 'तो सापडतो कसा' एवढ्यावरच कथा उभ्या केल्या. तेव्हा परीक्षकाने इतके भिऊन लिहिण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

वाचनवेडी

रात्रपाळीताई, तुमची वाचनाची पद्धत तुम्ही स्वतः निवडलेली आहे, आणि मला महत्त्वाचा फरक तिथेच वाटतो. शेवटचे पान आधी उघडायचा हक्क वाचकाचा असतो. परीक्षकाने ते त्याच्यासमोर धरू नये. तुम्ही सांगितलेल्या प्रयोगातल्या कथाही लघुकथा होत्या. पाऊण तासाच्या वाचनात जे होते तेच आठवडाभर सोबत राहिलेल्या कादंबरीच्या बाबतीत होईल, असे मी धरून चालणार नाही. फ्रीमन यांचे उदाहरण मात्र पटले. तिथे लेखकच गुन्हेगार सांगून मोकळा होतो, म्हणून परीक्षकालाही सांगता येते. लेखक ज्या पानावर जे सांगतो, त्याच्या आधी परीक्षकाने ते सांगू नये, एवढी मर्यादा मी स्वतःला घालून घेते.

निवृत्त डॉक्टर (रामदासपेठ)

न्यायवैद्यकशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय होता, म्हणून 'काय तपासावे' या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो.

अलीकडे वाचलेल्या एका कादंबरीत खून नागपुरात, ऐन मे महिन्यात, दुपारी होतो. डॉक्टर येतात, प्रेताच्या गालाला हात लावतात आणि म्हणतात, "अंग अजून कोमट आहे, म्हणजे फार तर दोन तास झाले असतील." हे वाक्य थंड देशांतल्या कादंबऱ्यांतून जसेच्या तसे उचललेले आहे. प्रेत निवत जाण्यावरून मृत्यूची वेळ काढण्याचा सगळा हिशेब, भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड आहे या गृहीतावर उभा असतो. जिवंत शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्याही पुढे जातो. अशा दिवशी पत्र्याच्या छपराखालच्या बंद खोलीत प्रेत निवणारच नाही, ते उलट तापू शकते. मरणोत्तर ताठरताही उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर ओसरते, त्यामुळे तिच्यावरून केलेला अंदाजही पुस्तकी कोष्टकाप्रमाणे येत नाही.

मला चुकीपेक्षा अधिक हळहळ वाटली ती लेखकाने गमावलेल्या संधीची. त्याच खोलीत खिडकीला कूलर लावलेला आहे, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. कूलर चालू होता का, टाकीत पाणी किती होते, कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या ताट्या ओल्या होत्या की कोरड्या, हे तपास अधिकारी एकदाही विचारत नाही. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे ताट्या ओल्या असेपर्यंत खोली उत्तम गार राहते आणि टाकीतले पाणी संपले की तोच पंखा बाहेरच्या गरम झळा आत फेकू लागतो. म्हणजे त्या प्रेताने काही तास गार खोलीत आणि पुढचे तास भट्टीत काढलेले असणार. सकाळी पाइप लावून भरलेली टाकी किती वाजता कोरडी पडते, हे नागपूरच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. हे आपल्या शहराचे स्वतःचे घड्याळ आहे, आणि त्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

आणखी एक गोष्ट. विषप्रयोगाचा संशय असला की व्हिसेरा, म्हणजे प्रेतातील आतड्या-यकृतासारख्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवतात. कादंबऱ्यांमध्ये त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर येतो. प्रत्यक्षात त्यासाठी वाट पाहावी लागते, आणि तपास अधिकाऱ्याची ती अस्वस्थ प्रतीक्षा हा उत्कंठेचाच ऐवज आहे.

रात्रपाळी

डॉक्टरसाहेब, कूलरचे वाचून मी थक्क झाले. तरीही मला वाटते की कादंबरी म्हणजे दोषारोपपत्र नव्हे. माणसे खरी वाटली तर अंशाअंशांचा हिशेब मी लेखकाला माफ करते.

निवृत्त डॉक्टर (रामदासपेठ)

माफ जरूर करावे. पण अचूकपणाचे कौतुकही व्हावे. अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधशाळेत काम केले होते आणि १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतला विषप्रयोग त्या अनुभवातून आला होता. ब्रिटनमधल्या औषधशास्त्रज्ञांच्या 'फार्मास्युटिकल जर्नल' या नियतकालिकाने त्या कादंबरीची दखल घेऊन विषाचा तपशील बिनचूक असल्याबद्दल तिची प्रशंसा केली, आणि ख्रिस्तीबाईंना त्या परीक्षणाचे विशेष अप्रूप होते. आपल्याकडे एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाने मराठी रहस्यकादंबरीचे असे परीक्षण छापले, तर मला मनापासून आनंद होईल.

काळाकोट (सिव्हिल लाइन्स)

डॉक्टरांनी शरीराचे सांगितले, मी कायद्याचे सांगतो, कारण परीक्षकही इथे चुकतात. एका नव्या कादंबरीत खुनाचे कलम ३०२ लिहिले आहे म्हणून एका परीक्षणात लेखकाला अज्ञानी ठरवलेले मी वाचले. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम आता १०३ आहे, हे खरे. पण त्या कादंबरीतला खून मार्च २०२४ मध्ये झालेला आहे. त्या तारखेच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागू होते, त्यामुळे लेखक बरोबर होता आणि परीक्षक चुकला होता. दोष दाखवण्याआधी कथेतली तारीख पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याहून मोठा प्रश्न कबुलीचा आहे. असंख्य कादंबऱ्यांच्या शेवटी सगळे संशयित दिवाणखान्यात जमतात, इन्स्पेक्टर एकेक धागा उलगडतो, गुन्हेगार कोसळतो, "होय, मीच मारलं" म्हणतो आणि पुस्तक संपते. आपल्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होते आणि आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या माहितीतला त्या वस्तूशी थेट संबंध असलेला भागच पुराव्यात येतो. म्हणजे दिवाणखान्यातला तो माणूस दुसऱ्या दिवशी वकील लावील आणि इन्स्पेक्टरच्या हातात काहीच उरणार नाही.

म्हणून नवी रहस्यकादंबरी वाचून झाली की मी मनातल्या मनात कबुलीचे पान फाडून टाकतो आणि विचारतो, की आता खटला उभा राहतो का? पंचनामा आहे का, हत्यार कोणाच्या निवेदनावरून निघाले, पंच कोण होते, साक्षीदाराने पाहिले ते किती अंतरावरून? ज्या कादंबरीत त्या पानाशिवायही पुरावा पुरतो, तिचे मी खुल्या मनाने कौतुक करतो.

सावनेरकर

कबुलीचे पान फाडण्याची कसोटी आजच एका पुस्तकाला लावून पाहिली. काहीही शिल्लक राहिले नाही.

इतवारी

नागपूरच्या पार्श्वभूमीवर लिहिणाऱ्यांनी नकाशाही पाहावा. एका कादंबरीतला संशयित लोकमान्य नगरला मेट्रोत बसतो, डोळे मिटतो आणि थेट ऑटोमोटिव्ह चौकात उघडतो. तो गाडीतून उतरलाच नाही यावर त्याची सगळी निर्दोषता अवलंबून आहे. या दोन मार्गिका वेगळ्या आहेत आणि सीताबर्डीला गाडी बदलावीच लागते. त्या अदलाबदलीच्या गर्दीत काय काय घडवता आले असते! शिवाय इतवारीतला हमाल आणि सराफ दोघेही सदाशिव पेठेतल्यासारखे बोलत असतील, तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झिरो माइल छापून काय उपयोग? "काय करून राहिला बे" एवढे एक वाक्य योग्य जागी आले असते, तरी मी त्या हमालाला ओळखले असते. बोली हा रहस्यकादंबरीत दुवाही असतो, कारण माणूस घाबरला की त्याच्या तोंडून मूळ गावची भाषा बाहेर पडते.

पहिली कादंबरी

मी एका रहस्यकादंबरीची लेखिका आहे, म्हणून भीतभीत लिहिते. माझ्या पुस्तकाला आलेली बहुतेक परीक्षणे तीन ओळींची होती. एका परीक्षणाखालच्या पहिल्याच प्रतिक्रियेत कोणीतरी खुन्याचे नाव लिहून टाकले आणि विनंती करूनही ते बरेच दिवस तसेच राहिले. दोन वर्षांचे काम होते ते.

पण मला सर्वांत उपयोगी पडले ते काटोलच्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड. माझ्या कादंबरीत कोजागिरीनंतर चौथ्या रात्री, बारा वाजता, शेतातल्या मिट्ट काळोखामुळे साक्षीदाराला मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्यांनी लिहिले होते की कृष्ण चतुर्थीला चंद्र रात्री नऊच्या सुमाराला उगवतो, बाराला तो चांगला वर आलेला असतो, आणि अश्विनातल्या त्या चांदण्यात कापसाच्या शेतात चेहरा सहज ओळखता येतो. संपूर्ण खटला ज्या काळोखावर उभा होता, तो काळोख तिथे नव्हताच. मी ती घटना वसुबारसेच्या रात्रीवर हलवली आहे, कारण त्या तिथीला चंद्र पहाटेकडे उगवतो. दुसरी आवृत्ती निघाली तर ती दुरुस्ती येईल. कोणत्याही परीक्षकाने हे लिहिले असते तर मला वाईट वाटले नसते. आपले पुस्तक कोणीतरी इतक्या बारकाईने वाचले, याचेच समाधान वाटले असते.

रात्रपाळी

हे वाचून मी 'अंशाअंशांचा हिशेब' हे माझे शब्द मागे घेते. चंद्रावर माणसाचा जीव अवलंबून असेल तर चंद्र तपासायलाच हवा.

मात्र माझी एक मागणी आहे. पहिल्या पानावर बाईचे प्रेत, तिच्या अंगावरच्या जखमांचे दोन पाने वर्णन, आणि पुढच्या ३०० पानांत ती कोण होती याचा उल्लेखही नाही, अशा कादंबऱ्या आता फार येऊ लागल्या आहेत. अपघात विभागात मी अशा बायका जिवंत पाहिल्या आहेत. कोणाच्या पदराला भाजीच्या पैशांची गाठ असते, तर कोणी शुद्धीवर येताच मुलाच्या शाळेची वेळ विचारते. परीक्षकाने हे जरूर लिहावे, की या पुस्तकात मेलेल्या माणसाला आयुष्य आहे की ती केवळ कथेला लागणारी सामग्री आहे. हे सांगितल्याने कोणतेही रहस्य फुटत नाही.

भाषांतर

रात्रपाळीताईंशी पूर्ण सहमत.

अनुवादित पुस्तकांबद्दल दोन शब्द लिहितो. जपानी किंवा स्कँडिनेव्हियन रहस्यकादंबरीच्या मराठी अनुवादाचे परीक्षण करताना अनुवादकाचे नावही पुष्कळदा दिले जात नाही. या प्रकारात अनुवादकाचे काम विशेष नाजूक असते. इंग्रजीत 'फ्रेंड' हा शब्द स्त्री की पुरुष हे न सांगता शंभर पाने चालू शकतो. मराठीत क्रियापद पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. ती अडचण अनुवादकाने कशी सोडवली, हे परीक्षकाने पाहावे. मलपृष्ठावरच्या मजकुराचाही हिशेब मांडावा, कारण पुष्कळदा अर्ध्या पुस्तकानंतर येणारे वळण तिथेच छापलेले असते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम लिहिले, त्यांतल्या एका नियमानुसार गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकाला लगेच दाखवला पाहिजे. वाचनवेडीताईंनी पाहिलेले स्टूल या नियमात बसते.

वाचनवेडी

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांच्या आधारे, याच आठवड्यात दोनदा वाचलेल्या दुसऱ्या एका नव्या कादंबरीचे परीक्षण लिहायला घेतले आहे. त्यातला एक परिच्छेद इथे देते, सांभाळून वाचा आणि काही फुटत असेल तर सांगा :

'दुसऱ्या वाचनात मी या पुस्तकात १४ ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. त्यांतली ११ ठिकाणे वाचकाच्या डोळ्यांसमोर उघडी आहेत. उरलेल्या तीन ठिकाणी लेखकाने तपास अधिकाऱ्याला दिसलेली गोष्ट आपल्याला दाखवलेली नाही, आणि ते मला खटकले. अखेरीस कबुली आहे, पण ती वगळली तरी पुरावा पुरतो. मृत व्यक्ती पहिल्याच प्रकरणात जाते, तरी तिच्या हातची अक्षरे, तिची उधारीची वही आणि तिचा चहाचा कप शेवटपर्यंत कथेत वावरतात. मधली चार प्रकरणे रेंगाळतात.'

कोणावर संशय घ्यावा आणि कोणाविषयी काय वाटावे, यातले मी काहीच लिहिलेले नाही.

काळाकोट (सिव्हिल लाइन्स)

काहीही फुटत नाही. 'तीन ठिकाणी दाखवलेली नाही' हे वाक्य कृपया तसेच ठेवा, मला पुस्तक घ्यावे की नाही हे त्यावरूनच ठरवता आले.

जुनापुराणा (महाल)

आता डोळ्यांमुळे मी नवी पुस्तके जपून निवडतो, पण हे वाचावेसे वाटते. तुमची प्रत काही दिवस मिळू शकेल का?

वाचनवेडी

काका, जरूर. येत्या शनिवारी महालात येणे आहे, घरी आणून देते. माझ्या चौदाही खुणा खोडरबराने पुसून ठेवल्या आहेत. वहिनीने या वेळी पुस्तक माझ्याआधी वाचले आणि तुमच्या त्या दुकानाची गोष्ट ऐकून मागच्या पुठ्ठ्याच्या आत आपला आकडा लिहिला आहे. त्यावर मी कागद चिकटवला आहे. तुमचा आकडा लिहून झाल्यावर तो काढा.